तिच्या नावापुढची माझी सही

मंगळवार, २

शेवटी चौघी झालो. आठवडाभर मी मागे लागले होते, ते आज डबा खाताना जमलं. कामाच्या ठिकाणांमधल्या होड्यांच्या शर्यतीत यंदा तळघरातून एक संघ जाणार.

तळघर म्हणजे आम्ही. वरच्या पाच मजल्यांवर पेशंटला जी काही कात्री, चिमटा, चादर लागते ती आमच्याकडून धुऊन, बांधून, वाफेच्या यंत्रातून निघून वर जाते. पण आमचं दार कुठं आहे ते निम्म्या डॉक्टरांना सांगता येणार नाही. खिडकी एकही नाही. बाहेर पाऊस पडतोय की नाही हे आम्हाला लिफ्टमधून उतरणाऱ्यांच्या चपलांवरून कळतं. म्हणून मला फार वाटत होतं, यांना एकदा उन्हात, पाण्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर न्यावं. आणि खरं सांगायचं तर मलाही जायचं होतं. लग्नाआधी तीन वर्षं मी कयाक चालवत होते. खांदे अजून विसरलेले नाहीत.

दोघींची एक कयाक, अशा दोन. दोन्हींची वेळ मिळवून संघाचा नंबर काढतात. एकीत धाकटी आणि वहिनी. धाकटी सहा महिन्यांपूर्वी लागली, चोवीस वर्षांची, तोंड सतत चालू. वहिनी पन्नाशीच्या. त्यांचा दीर औषधांच्या खिडकीवर बसतो, तो वहिनी म्हणतो म्हणून अख्खं हॉस्पिटल म्हणतं, मोठे डॉक्टरसुद्धा. माझ्याहून मोठ्या आहेत, पण मी इन्चार्ज म्हणून मला ताई म्हणतात. दुसऱ्या होडीत मागे मी आणि पुढे घडीवाली.

घडीवाली सगळ्यात शेवटी तयार झाली. अकरा वर्षं माझ्या हाताखाली आहे. तिच्यासारखं गाठोडं कुणाला बांधता येत नाही. कापडाचा कोपरा कोपऱ्यावर असा बसतो की उलगडणाऱ्या नर्सला वाईट वाटावं. "मी? होडीत?" एवढंच म्हणाली.

मी म्हटलं, "अगं, दिवसाला दीडशे गाठोडी बांधतेस. खांदे बघ स्वतःचे. वल्हं काय जड आहे तुला?"

ती हसली आणि खाली बघून डब्याचं झाकण लावत म्हणाली, "बरं ताई."

पुढच्या महिन्याचा ड्यूटीचा तक्ता करायला घेतला आहे. घडीवालीनं दिवसाची ड्यूटी मागितली आहे, तिची बारा वर्षांची मुलगी संध्याकाळी घरात एकटी असते. बघते. अजून ठरवलं नाही.

रविवार, ७

पहिला सराव. अंग ठणकतंय, पण काय बरं वाटतंय!

तळ्यावरचा क्लब होता तसाच आहे, फक्त पायऱ्या जास्त उंच झाल्यासारख्या वाटल्या. धाकटी होडीत बसली आणि किंचाळली, "ताई, ही हलतेय!"

"पाण्यावर आहे, हलणारच."

"नाही, ही मुद्दाम हलतेय."

"तू बोलायची थांब, ती पण थांबेल," वहिनी मागून म्हणाल्या.

बसायच्या भोकाभोवती एक रबरी घेर ताणून बसवायचा असतो, आत पाणी येऊ नये म्हणून. धाकटीनं त्याचं लगेच 'परकर' करून टाकलं. आता क्लबमधले दोन पुरुषसुद्धा परकर म्हणायला लागलेत.

सुरक्षेचं बघायला एक म्हातारे गृहस्थ आहेत. गळ्यात शिट्टी, ती तोंडातून काढल्याशिवाय बोलता येत नाही, आणि बोलले की पुन्हा तोंडात. शिट्टीकाका. माझ्या वेळी ते नुसते काका होते. त्यांनी नियम सांगितला: प्रत्येकीनं एकदा होडी मुद्दाम उलटी करायची, पाण्याखाली डोकं असताना परकराचा पट्टा ओढून तो सोडवायचा आणि स्वतःहून बाहेर यायचं. तसं केल्याचा कागद सही करून द्यायचा. कागद नाही तर नाव नाही.

"उलटीची परीक्षा!" धाकटी म्हणाली.

"हॉस्पिटलातली माणसं आपण, उलटीला काय घाबरायचं," वहिनी म्हणाल्या.

घडीवाली हसली नाही. तिचं लक्ष नसावं.

शिट्टीकाकांनी जुनी वही उघडून माझं नाव शोधलं. "तुम्ही जुन्या मेंबर. तिघींचं तुम्हीच बघा आणि सह्या करा. माझ्याकडे बावीस संघ आहेत आणि दोनच गुडघे."

बुधवार, १०

तक्ता लावला. घडीवालीला दिवसाची ड्यूटी दिली. तक्ता भिंतीवर चिकटवल्यावर तिनं बराच वेळ त्यावर बोट ठेवून स्वतःची ओळ वाचली आणि मग माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, "मी सरावाला एकही दिवस चुकणार नाही, ताई."

किती उत्साह! उगाच मला वाटत होतं तिला ओढून नेतेय.

घरी हे सांगितलं तर नवरा चष्म्याची काडी पिळत बसला होता (दुकानातलं काम घरी आणायची जुनी खोड), तो म्हणाला, "तुझं प्रोत्साहन मी भोगलंय. लग्नाला होकार दिला तेव्हा मला वाटलं होतं मी स्वतः दिला."

मी म्हटलं, "बावीस वर्षांत तक्रार नव्हती."

"करायला सवड कुठं दिलीस?"

हसून हसून पोट दुखलं.

रविवार, १४

उलटं होण्याचा सराव झाला. दोघींचा.

धाकटी पाण्याखाली गेली ती बाहेर येईपर्यंत बोलतच असावी, कारण वर आली तेव्हा वाक्याचा शेवट चालू होता. वहिनी गेल्या, आल्या, अंबाड्यातली पिनसुद्धा हलली नव्हती. "एवढंच?" म्हणाल्या.

घडीवाली बसली. मी शेजारी कमरेएवढ्या पाण्यात उभी होते. म्हटलं, मी आहे, तीन मोजते. तीन मोजले. पुन्हा मोजले. तिचे हात होडीच्या कडेवरून निघेनात. असं चार वेळा.

मग हळूच म्हणाली, "ताई, तोंडावर पाणी आलं की मला श्वास सापडत नाही. लहानपणापासून. मी तोंडसुद्धा ओल्या फडक्यानं पुसते. पाणी मारत नाही."

अकरा वर्षं शेजारी काम करून मला हे माहीत नव्हतं. मला कीव आली आणि, लिहूनच टाकते, थोडा रागही आला. आधी का नाही बोलली? मी म्हटलं, "अगं, त्यात काय! भीती अशीच जाते. पुढच्या खेपेला झटक्यात होईल."

"हो ताई."

कागद मंगळवारी द्यायचा आहे.

मंगळवार, १६

सही केली.

लिहिल्यावर एवढंसं दिसतं. तिघींची नावं, तीन चौकोन, तीन सह्या. पहिल्या दोन करताना पेन चाललं, तिसरीला शाई आटली. पेन झटकलं आणि केली. दुपारी, गाठोडी बांधायच्या मोठ्या टेबलावर कागद ठेवून. क्लबचा माणूस दारात थांबला होता.

विचार काही कमी केला नव्हता. होड्या रुंद आहेत, नवशिक्यांसाठीच्या, सहसा उलटत नाहीत. अंगात तरंगवणारं जॅकेट असतं. दोन बचावाच्या बोटी असतात. तिच्या मागे मीच बसलेली असणार. आणि तिचं नाव गेलं तर चौघींचं जातं. धाकटीनं स्वतःच्या आईला, मामीला, घरमालकिणीला बघायला बोलावलंय.

सगळं खरं आहे. तरी पुन्हा पुन्हा मोजून बघतेय.

आमच्याकडे प्रत्येक गाठोड्यावर टेपची एक पट्टी लावतात. तिच्यावर फिक्या रेघा असतात, वाफ नीट लागली की त्या काळ्या होतात. रेघा काळ्या झालेल्या स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय रजिस्टरात सही करायची नाही, हा माझा नियम. नव्या मुलीला पहिल्या दिवशी मी तो तीनदा मोठ्यानं म्हणायला लावते. एकदा एका सर्जननं घाई केली होती, त्यांनाही मी वाट बघायला लावली. त्याची गोष्ट अजून सांगतात.

घडीवालीनं सही बघितली. बघून पुढचं कापड पसरलं. मी म्हटलं, "चला, मिटली काळजी." ती म्हणाली, "हो ताई."

शुक्रवार, १९

कामावरून सुटून तासभर तळ्यावर. आमची होडी छान चालली. घडीवाली पुढून लय धरते आणि मी तिच्या पाठीकडे बघत वल्हं टाकते. काय लय आहे तिची! एक कमी नाही, एक जास्त नाही, घड्या घातल्यासारखी. लाट आली की तिची पाठ ताठ होते. एकाग्रता म्हणतात ती हीच.

मी सारखी बोलत असते. शाबास, सुंदर, असंच, अजून दहा, तुझ्यासारखी दुसरी नाही. क्षणभर थांबले की मला तो कागद आठवतो, म्हणून थांबत नाही.

उतरताना तिला म्हटलं, "बघ, किती मजा येते आता."

"येते ना," ती म्हणाली आणि पायरीवर बसली. पाय थरथरत होते. नवीन व्यायाम आहे, होणारच.

रविवार, २१

मोटारबोट जवळून गेली आणि तिच्या लाटा आडव्या आल्या. विशेष काही नाही, होडी दोन-तीनदा डोलली. पण घडीवालीनं वल्हं सोडून दिलं. दोन्ही हातांनी कडा धरल्या आणि मान खाली घालून बसली. मी मागून "छान, छान, काही नाही, असंच," म्हणत राहिले. काय छान होतं त्यात, कोण जाणे. वल्हं तरंगत लांब गेलं, ते वहिनींनी आणून दिलं.

कपडे बदलताना मी वहिनींना विचारलं, "हिला जड जातंय का हो? तिनंच तर हो म्हटलं होतं."

वहिनी केस पुसत होत्या. म्हणाल्या, "तुम्ही विचारल्यावर कोण नाही म्हणणार, ताई."

बरं वाटलं ऐकून. माणसांचा जीव आहे माझ्यावर.

मग सबंध दुपार का कुणास ठाऊक, वाईट गेली.

मंगळवार, २३

जसं झालं तसं लिहिते.

दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या ऑपरेशन थिएटरमधून एक गाठोडं परत आलं. टेपच्या रेघा फिक्याच. म्हणजे ते यंत्रात गेलंच नव्हतं, बाहेरच्या ढिगातून तयार ढिगात गेलं होतं. तिथल्या नर्सनं उघडण्याआधी बघितलं म्हणून निभावलं. कुणाच्या अंगाला काही लागलं नाही. पण लागलं असतं.

रजिस्टरात सही धाकटीची.

मी तिला सगळ्यांसमोर बोलावलं. एरवी बाजूला घेऊन बोलते, आज नाही. "रेघा बघितल्या होत्यास?"

"घाई होती, ताई. घडीताईनं बांधलेलं होतं. तिचं कधी चुकत नाही. म्हटलं झालंच असणार."

"झालंच असणार म्हणून सही करतात? हे शिकवलं मी तुला?"

धाकटी गप्प बसलेली मी पहिल्यांदा बघितली. मग अगदी हळू, उर्मटपणा अजिबात नव्हता, हेच तर, म्हणाली, "तुम्ही केलीत ना. त्या दिवशी. इथंच."

वहिनी रिकाम्या ट्रेमध्ये काहीतरी शोधायला लागल्या. घडीवालीचे हात कापडावर तसेच राहिले.

मी काय केलं? "रजिस्टर आण," म्हटलं. तिच्या सहीवर आडवी रेघ मारली, शेजारी तांबड्या शाईनं खूण केली, तारीख घातली. नियमच आहे तो. अजून कायम व्हायची आहे ती, अशा दोन खुणा झाल्या की नाव वरच्या ऑफिसात जातं.

तिच्या नावापुढे तांबडी खूण. आणि मला आज सकाळीच मेट्रन लिफ्टमध्ये म्हणाल्या, तुमच्या संघाबद्दल ऐकलं, कौतुक वाटतं.

गुरुवार, २५

ठरवलं होतं की गुपचूप घडीवालीचा सराव करून घ्यायचा, म्हणजे सही मागाहून का होईना, खरी होईल. दोघीच गेलो. पाणी काचेसारखं होतं, आसपास कुणी नाही.

काय काय बोलले मी! तू अकरा वर्षांत एकदाही हरलेली नाहीस. तू दोन बाळंतपणं केलीस. (दुसरं मूल राहिलं नाही तिचं. ते बोलल्यावर आठवलं.) एकदाच, फक्त एकदा, मग आयुष्यभर भीती नाही. धाकटीसाठी कर. ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती.

"करते, ताई," म्हणाली आणि डोळे मिटले. मी होडी कलती केली. पाणी तिच्या कानापाशी आलं असेल नसेल, तिनं माझा हात असा पकडला की मी ओरडले. होडी सरळ केली. तिच्या तोंडाला रंग नव्हता. दात वाजत होते, आणि उन्हं होती.

"चुकलं, ताई," ती म्हणाली.

तिचं चुकलं!

हातावर चार नखांच्या अर्धगोल खुणा आहेत. नवऱ्यानं जेवताना विचारलं, काय लागलं? म्हटलं, ट्रेची कड लागली. मग भात चिवडत बसले. तो म्हणाला, "ट्रेला चार नखं असतात होय?" तेव्हा त्याला सगळं सांगितलं. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाला, "आता कुणाला सांगायचं ते तुला माहीत आहे. मला सांगून काय उपयोग?"

शनिवार, २७

उद्या शर्यत. ठरलं. सकाळी शिट्टीकाकांना सांगायचं.

घडीवालीला आज फोन करावा का, हे तीनदा मनात आलं. दोनदा फोन हातात घेतला. पण सांगायला गेले की ती 'हो ताई' म्हणणार, आणि ते ऐकवत नाही. शिवाय रात्रभर बिचारी जागेल. उद्या तिथंच सांगेन. तिचा तर जीव सुटेल.

रविवार, २८

संध्याकाळचे सहा. घरात कुणी नाही ते बरं आहे.

क्लबवर ही गर्दी. प्रत्येक संघाच्या जॅकेटवर नंबर, आमचा चौदा. धाकटीची आई, मामी आणि घरमालकीण पहिल्या पायरीवर पिशव्या मांडून बसल्या होत्या. मंगळवारपासून धाकटी माझ्याशी कामापुरतं बोलते, पण आज तिला राहवत नव्हतं. "ताई, बँकवाले बघा, त्यांच्यातला एक आत्ताच घसरून पडला, अजून होडी यायची आहे!" घडीवाली आधीच जॅकेट घालून उभी होती. तिचा नवरा मागे पाण्याची बाटली धरून, मुलगी पुढे फोन धरून. "आई, तू पुढच्या सीटवर ना? मग मी इथून काढते, सगळ्यात आधी तू दिसशील."

मी शिट्टीकाकांकडे गेले. मागे वळून बघितलं नाही, नाहीतर गेले नसते.

"काका, एका सहीबद्दल सांगायचंय. आमच्या पुढच्या सीटवाल्या बाईंनी होडी उलटी केलेली नाही. मी तशीच सही केली."

त्यांनी शिट्टी तोंडातून काढली. "तशीच म्हणजे?"

"खोटी."

काका म्हणाले, "तुमच्या वेळी असं कुणी केलं असतं तर मी वल्ह्यानं बदडलं असतं."

"माहीत आहे."

"आता गुडघे नाहीत." मग माझ्या खांद्यावरून मागे बघून हाक मारली. "चौदा नंबर, पुढच्या सीटवाल्या बाई, इकडे या जरा."

ती आली. तिच्या मागे धाकटी आणि वहिनी. काकांनी साधं, कोरडं सांगितलं: कागद खोटा आहे असं या म्हणतात. म्हणजे नाव काढायला हवं. पण अजून पाऊण तास आहे. धक्क्यापाशी कमरेएवढं पाणी आहे, मी शेजारी उभा राहतो. झालं तर नाव राहील. "नाही झालं, नाही केलंत, तरी माझी हरकत नाही. करायचंय का?"

तिनं माझ्याकडे बघितलं.

माझ्या तोंडात सगळं तयार होतं. अगं, तू करशील. मी आहे. एकदाच. आणि त्याच्या उलटही तयार होतं: नको करूस, राहू दे, माझी चूक आहे. कुठलंही एक निघालं असतं तर तिनं तेच केलं असतं. मी पाठ फिरवली. समोर भिंतीवर पाटी होती, 'येथे होड्या बांधू नयेत'. ती मी वाचली. पुन्हा वाचली. 'बांधू'मधला उकार पुसट झालाय.

"नाही," मागून आवाज आला.

काकांना कमी ऐकू येतं. "काय?"

"नाही म्हटलं. मला नाही करायचं."

आवाज मोठा नव्हता. गाठोडी मोजताना असतो तसा.

काकांनी यादीवर आमचा नंबर खोडला. सह्या करणाऱ्यांच्या यादीतून माझं नावही खोडलं, ते मला दाखवून.

"म्हणजे आपण बाहेर?" धाकटी म्हणाली. "मी तर केलं होतं. मी पाण्याखाली गेले होते. माझं काय चुकलं यात?" डोळे भरून आले होते तिचे. ती वल्हं भिंतीला टेकवून आईकडे निघून गेली.

वहिनींनी जॅकेट काढलं. "चला. डोकं तरी कोरडं राहिलं," म्हणाल्या, पण कुणाकडे न बघता.

मला वाटलं होतं घडीवाली मोकळी होईल. ती माझ्यासमोर उभी राहिली, अगदी जवळ. "ताई, हे मला काल का नाही सांगितलंत?"

"तुला झोप लागली नसती म्हणून."

"मला तशीही तीन आठवडे झोप नाही." मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाली, "काल सांगितलं असतंत तर मी लेकीला घरी ठेवलं असतं. सही करताना मला विचारलं नाहीत. खोडतानाही नाही."

अकरा वर्षांत ती माझ्याशी सलग एवढं बोललेली मला आठवत नाही. मी म्हटलं, "चुकलं माझं." शब्द बरोबर होते, पण ते तिच्यापर्यंत गेले असं वाटलं नाही. तिनं जॅकेटचा पट्टा सोडवला, थांबली, इकडे तिकडे बघितलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "मग माझी दिवसाची ड्यूटी जाईल का?"

मला आधी कळलंच नाही ती काय विचारतेय. पाण्यावर भोंगा वाजला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुठला तरी पहिला गट सुटला. आणि मग ते एकदम, सगळंच्या सगळं, कळलं. तक्त्यावरचं तिचं बोट. एकही दिवस चुकणार नाही, ताई.

"नाही गं," मी म्हटलं. "त्याचा याच्याशी काही संबंध नव्हता. कधीच नव्हता."

"हो ताई," ती म्हणाली.

तिचा विश्वास बसला नाही. मी तिच्या जागी असते तर माझाही बसला नसता. आणि संबंध नव्हता हे तरी मला कुठं नक्की माहीत आहे? त्या दिवशी मी 'बघते' असं लिहिलं होतं. कशाची वाट बघत होते?

मुलीनं जॅकेट परत करायच्या आधी तिचा एक फोटो काढला, पायरीवर, चौदा नंबर दिसेल असा. "आई, सरळ उभी राहा." ती सरळ उभी राहिली. मी बाजूला सरकले, फोटोत येऊ नये म्हणून. या म्हणून कुणी म्हटलंही नाही. मग ती तिघं पायरीवर बसून शर्यत बघत राहिली. मी दोन्ही होड्या पुसून जागेवर लावल्या. त्याला कुणाची मदत लागत नाही.

सोमवार, २९

मेट्रनकडे गेले. सगळं सांगितलं आणि म्हटलं, त्या मुलीच्या नावापुढची तांबडी खूण माझ्यामुळे आहे, ती माझ्या नावापुढे घ्या. त्या हसल्या. "होडीच्या कागदाचा आणि रजिस्टराचा काय संबंध? तिनं रेघा बघितल्या नाहीत, हे खरं ना?"

खरं होतं. खूण राहिली.

धाकटीला तसं सांगितलं. ती टेपवरच्या रेघा बघत होती. गाठोडं उजेडात धरून, एकदा, दोनदा. "बरं," म्हणाली. मग सही केली. ताई म्हणाली नाही.

मंगळवार, ३०

वरून चहा आला. नेहमीप्रमाणे मी चार कप भरले. वहिनींनी घेतला. धाकटीनं कप उचलून यंत्रापलीकडे नेला, पण नेला. घडीवाली हिरव्या चादरींचा ढीग घेऊन बसली होती. तिच्यापुढे कप धरला.

"नको," ती म्हणाली.

मान वर केली नव्हती तिनं. कापडाचा कोपरा कोपऱ्यावर बसवला, वरून तळवा फिरवला.

'अगं, घे अर्धा तरी, बरं वाटेल,' हे माझ्या ओठांपर्यंत आलं. तोंड उघडलेलं वहिनींनी बघितलं. मी ते मिटलं, कप परत ट्रेमध्ये ठेवला. तो तिथंच गार झाला.